मुलीचं टेन्शन हलकं करायचंय, तर आधी तिचा दिवस कागदावर मांडा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीचा वर्ग, बीजगणिताचा तास, आणि तिसऱ्या बाकावर एक मुलगी डोकं टेकून गाढ झोपलेली. मी तिला उठवलं, सगळ्यांसमोर बोलले आणि तास संपेपर्यंत उभं ठेवलं. ती एक शब्द बोलली नाही. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "बाई, रातले दोन वाजता नळ उना व्हता. तिनी एकलीनीच समदं पानी भरं."

त्यांच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तेही रात्री-अपरात्री. आई मजुरीसाठी दुसऱ्या गावी गेलेली. टाकी, दोन ड्रम, हंडे, कळशा भरेपर्यंत पहाट झाली. मग तिने भाकरी टाकल्या, धाकट्याचा डबा भरला आणि एसटी गाठून शाळेत आली. आणि मी तिला तासभर उभं केलं होतं.

ती टोचणी अजून जात नाही. जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी इतकी वर्षं गणित-विज्ञान शिकवते आहे, आणि मला आता पक्कं वाटतं की आपल्याकडच्या मुलींचं निम्मं टेन्शन डोक्यात नसतं, ते घड्याळात असतं. 'सकारात्मक विचार कर', 'पहाटे ध्यान कर' असं आपण सांगतो. पण त्या पहाटेत तिला आधीच चार कामं असतात. म्हणून खाली जे सांगते आहे त्याची सुरुवात उपदेशाने नाही, एका वहीच्या पानाने आहे. आठवी ते बारावीतल्या मुलींच्या आया, वडील, आज्या, मोठ्या बहिणी आणि माझ्यासारख्या शिक्षिका, सगळ्यांसाठी हे आहे.

पहिलं काम: तीन दिवस, जसे गेले तसे

वहीचं पान घ्या. पहाटे साडेचारपासून रात्री बारापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रेघा ओढा. तिने काय करायला हवं होतं ते लिहायचं नाही, खरंच काय झालं तेवढंच लिहायचं. लिहायचं तिनेच. असे तीन दिवस भरा. त्यात एक रविवार किंवा गावच्या बाजाराचा दिवस असू द्या, कारण त्या दिवशी कामाचा रेटा निराळा असतो.

एका दहावीतल्या मुलीने कापूस वेचणीच्या दिवसांत लिहिलेलं पान मला अजून आठवतं. पाचला उठणं. सात वाजेपर्यंत झाडझूड, चहा, डबे, लहान भावाची आंघोळ. सव्वासातला फाट्यावर उभं राहणं, कारण बस कधी सव्वासातला येते, कधी आठला. शाळा, तिथूनच क्लास, पाचला घरी. आई शेतातच, म्हणून साडेसातपर्यंत भांडी, पाणी, भाकरी. आठला जेवण. साडेआठच्या रेघेसमोर 'भूगोल काढला' आणि नवाच्या रेघेसमोर एकच शब्द: 'पेंगले'. अकराला पुन्हा जाग, मोबाइल. साडेबाराला झोप.

"पोरीचं अभ्यासात ध्यान नाही" अशी तक्रार घेऊन तिचे वडील आले होते. त्यांनी ते पान दोनदा वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. पुढल्या आठवड्यापासून संध्याकाळचं पाणी भरणं त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

पान भरलं की पाच बेरजा करा: झोप किती, घरकाम किती, प्रवास आणि बसची वाट किती, शाळा-क्लास-अभ्यास किती, आणि तिचा स्वतःचा वेळ किती. तेरा ते अठरा वर्षांच्या वयाला रात्रीची ८ ते १० तास झोप लागते. वरच्या मुलीची साडेचार तास सलग झोप होती, आणि संध्याकाळची एक डुलकी. इतक्या झोपेवर चिडचिड होणं, पाठ केलेलं विसरणं, साध्या बोलण्यावर रडू येणं हे होणारच. त्याला घरात 'नाटकं' म्हणतात, ते आधी थांबवा.

घरात भाऊ असेल तर त्याचंही पान भरायला सांगा आणि दोन्ही शेजारी ठेवा. भांडण लावायला नाही. कोणतं काम कोणाकडे सरकवता येईल ते त्याशिवाय दिसत नाही.

आता त्या पानातून एक काम कमी करा. एकदम चार नको, ते टिकत नाही. मुलींनी घरकाम करूच नये असं मी म्हणत नाही. कळण्याची भाकरी थापता येणं हे चांगलंच आहे, आणि ते मुलग्यालाही आलं पाहिजे. पण कामाला ठरलेली वेळ हवी. 'हाक मारली की उठायचं' असं असलं की मुलगी पुस्तक समोर ठेवून अर्ध्या कानाने हाकेची वाट बघत बसते, आणि त्या बसण्याला आपण अभ्यास म्हणतो. सात ते आठ काम, आठनंतर हाक नाही, हे घरातल्या आजीलाही सांगून ठेवा.

वेचणीचा विचार वेगळा करावा लागतो. पहिली वेचणी आणि पहिल्या सत्राची परीक्षा एकाच सुमाराला येतात, आणि मजूर मिळत नाही म्हणून मुलगी शेतात जाते. अगदीच गरज असेल तर कोणते दिवस ते आधी ठरवा आणि वर्गशिक्षकांना सांगून ठेवा, म्हणजे बुडालेले धडे मैत्रिणीच्या वहीतून त्याच आठवड्यात भरून निघतात. आई-वडील ऊसतोडीला जाणार असतील तर मुलगी सोबत जाणार की आजीकडे राहणार, की हंगामी वसतिगृहाची सोय होईल, हे दिवाळीआधी मुख्याध्यापकांशी बोला. ट्रॅक्टर दारात लागल्यावर नाही.

बसचंही तसंच. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो, हे बहुतेकांना माहीत असतं. पण गाडी वेळेवर येत नसेल तर शाळेचं पत्र आणि ग्रामपंचायतीचं पत्र अशी दोन्ही जोडून आगार व्यवस्थापकांकडे अर्ज करता येतो, हे फारसं कोणी करत नाही. अर्जात किती मुली, कोणता थांबा, शाळा किती वाजता भरते हे लिहा.

राहिला तिचा स्वतःचा वेळ. बहुतेक पानांवर ही बेरीज शून्य निघते. पूर्वी ती शून्य नव्हती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही गुलाबाईची गाणी म्हणत घरोघर फिरायचो, आणि शेवटी डबा कानाशी हलवून आतला खाऊ ओळखायचा. खारे दाणे ओळखणारी एक आणि खिरापतीला फुटाणे म्हणणारी दुसरी, यावर हसून पोट दुखायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झाडाला झोके बांधलेले असत आणि त्या दिवशी पोरींना कोणी कामाला बोलवायचं नाही. तो वेळ खान्देशातल्या मुलींच्या हक्काचा होता, घरातली मोठी माणसंही तो मोडत नसत. आता त्याच वेळेला क्लास असतो. रोज अर्धा तास तरी असा ठेवा की ज्यात ती काय करते हे कोणी विचारणार नाही. मैत्रिणीकडे जाईल, चित्र काढेल, नुसती ओट्यावर बसेल. जाऊ द्या.

दुसरं काम: विचारायचं कसं

'काय झालं तुला?' असं समोर बसवून विचारलं की उत्तर येतं, 'काही नाही.' मुली हात कामात असताना बोलतात. शेंगा फोडताना, वेणी घालताना, शेतातून परतताना, दुचाकीवर मागे बसून. नजरेला नजर नसली की जीभ मोकळी होते.

प्रश्न छोटा आणि नेमका असू द्या. 'आज कोणता तास नकोसा वाटला?' 'डबा कोणाबरोबर खाल्ला?' 'घरी येताना कोणत्या ठिकाणी पाय भरभर उचलावे लागतात?' शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारा; रस्त्यावरचा त्रास त्यातून कळतो. एका आईने मला तिचं आणि मुलीचं बोलणं सांगितलं होतं:

"आज भाकर का बरं ठेई दिनी?"
"भूक नही."
"बरं. मी बी शायेमा पेपर ऱ्हायना का जेवे नही."
(बराच वेळ गप्प.) "माय, माले सगळं येस. पन पेपर हातमा उना का काहीच सुचत नही."

त्या आईने मध्ये उपदेश घातला नाही, म्हणून पुढचं वाक्य आलं. मुलगी बोलायला लागली की पहिली दोन मिनिटं उपाय सांगू नका, शेजारच्या मुलीचं उदाहरण देऊ नका आणि 'एवढंच ना?' म्हणू नका. 'मग तू काय केलंस?' एवढं पुरतं. तिने विश्वासाने सांगितलेलं रात्री मोठ्या कुटुंबासमोर काढू नका. एकदा तसं झालं की पुढची चार वर्षं दार बंद.

वडिलांनीही बोलायला हवं. 'पोरीचं तिच्या आईकडे' अशी आपल्याकडे वाटणी असते, पण मी पाहिलेल्या कितीतरी मुलींना वडिलांनी फक्त 'दमलीस का बेटा?' एवढं विचारलेलं हवं होतं.

तिसरं काम: रक्त तपासा

हे मी फार आग्रहाने सांगते. मुलगी सतत थकलेली, जिना चढताना धापा टाकणारी, लक्ष न लागणारी असेल, तर टेन्शनवर चर्चा करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारा वर्षांपुढच्या मुलीचं ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तिला रक्तक्षय आहे. शाळेत आठवड्याला एक निळी लोहगोळी मिळते. पुष्कळ मुली ती मळमळ होते म्हणून गुपचूप खिडकीतून टाकतात. जेवल्यानंतर घेतली, वर लिंबूपाणी किंवा आवळा घेतला आणि लगेच चहा टाळला तर त्रास कमी होतो आणि लोहही नीट अंगी लागतं. जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते, तीही चुकवू देऊ नका.

नंदुरबार, धुळ्याच्या आदिवासी भागात आणखी एक गोष्ट: सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. वारंवार सांधे दुखणं, डोळे पिवळे, थकवा असेल तर सिकलसेलची तपासणी मागून घ्या, आणि निदान झालं तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच. अशा मुलीला 'आळशी' म्हटलेलं मी ऐकलं आहे. तिच्या रक्तातल्या पेशीच वाकलेल्या असतात.

पाळीच्या दिवसांत पोट दुखतं म्हणून शाळा बुडते, आणि कारण सांगायची लाज वाटते म्हणून मुलगी 'ताप होता' लिहून आणते. गरम पाण्याची पिशवी, हलकं चालणं, आणि डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी यात लाजण्यासारखं काही नाही. दर महिन्याला अंथरुणातून उठताच येत नसेल तर ते 'असतंच बायकांचं' म्हणून सोडू नका. ग्रामीण रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं. तिथे मुलीला एकटीलाही बोलता येतं.

आणखी एक, जी घरी कळत नाही. शाळेचं स्वच्छतागृह घाण असेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. आपल्याकडे मार्चपासूनच ऊन चटका देतं, मग डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, आणि आपण म्हणतो परीक्षेचं टेन्शन आहे. पालकसभेत भिंतीच्या रंगाआधी स्वच्छतागृहाच्या कडीचा आणि पाण्याचा विषय काढा.

खाण्याचं फार अवघड नाही. सकाळी नुसत्या चहा-बिस्किटावर मुलीला पाठवू नका. रात्रीची भाकरी आणि दाण्याची चटणी, एक केळ, मूठभर शेंगदाणे-गूळ. केळीच्या मुलखात राहून पोरींनी उपाशी शाळेत यावं हे मला बघवत नाही.

चौथं काम: बोलीची लाज काढणं

हा मुद्दा बाहेरच्या लेखांत सापडत नाही, म्हणून इथे जरा थांबते. आपल्या मुली घरी अहिराणी बोलतात, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याला भिली, पावरी. पाचवीपर्यंत गावच्या शाळेत चालून जातं. मग मुलगी तालुक्याच्या मोठ्या शाळेत येते, पहिल्याच आठवड्यात उभी राहून 'बाई, माले समजनं नही' म्हणते, आणि वर्ग हसतो. त्यानंतर ती वर्षभर हात वर करत नाही. हळूहळू शंका साठतात, शंकांची भीती होते, आणि निकाल लागतो तेव्हा आपण म्हणतो, गणित कच्चं आहे.

माझ्या वर्गात मी एक नियम केला आहे: उत्तर आधी घरच्या बोलीत सांगायचं, मग वहीत पुस्तकी मराठीत लिहायचं. 'पानी उकळनं का त्यानी वाफ व्हस' हे जिला सांगता येतं तिला विज्ञान समजलेलं आहे. राहिलं ते वाक्य बदलण्याचं काम, आणि ते दोन महिन्यांत जमतं. हसणाऱ्यांना मी रागवत नाही, त्यांनाही त्यांच्या आजीच्या बोलीत तेच उत्तर सांगायला लावते. घरी पालकांनी एवढंच करावं: 'शहरात गेल्यावर अशी बोलू नको' हे वाक्य सोडून द्यावं. दोन्ही येऊ द्या. मुलाखतीला पुस्तकी, मायला फोन करताना घरची.

आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलींना हे जास्त जाणवतं, कारण तिथे रात्रीही घरची बोली कानावर पडत नाही. त्यांच्याशी आठवड्यातून एकदा तरी फोनवर बोला, आणि फोनवर फक्त मार्क विचारू नका.

पाचवं काम: अभ्यासाची रीत

घोकण्यात वेळ जातो आणि पेपरात सुचत नाही, ही सगळ्यात मोठी तक्रार. कारण असं की धडा पाचव्यांदा वाचताना ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असा मुलींचा समज होतो. रीत उलटी करा:

१. तीस-चाळीस मिनिटं एकच छोटा भाग वाचायचा.
२. पुस्तक मिटायचं. कोऱ्या पानावर आठवेल ते सगळं लिहायचं, मोडकंतोडकं चालेल.
३. पुस्तक उघडून, सुटलेलं लाल पेनाने भरायचं. दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग बघायचा.
४. तोच भाग तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा मिटल्या पुस्तकाने लिहायचा.

सुरुवातीला पान लाल-लाल होतं आणि मुलगी रडवेली होते. तेव्हा सांगा की हा लाल रंग आत्ता वहीत दिसतोय ते बरं, उत्तरपत्रिकेत दिसायला नको. दोन आठवडे धीर धरला की फरक तिला स्वतःला दिसतो.

दहावीचं गणित भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० गुणांचे पेपर. ज्या मुलीला गणिताची धास्ती आहे तिला सगळं पुस्तक एकदम उघडायला लावू नका. मी तिला आधी सहावी-सातवीचे अपूर्णांक आणि चिन्हांचे नियम करायला देते, आठ दिवस. कारण दहावीत अडलेल्या दहापैकी सात मुली खरं तर वजाच्या चिन्हापाशी अडलेल्या असतात. हा माझा वर्गातला अंदाज आहे, पण वर्षानुवर्षं तोच खरा ठरत आला आहे. चिन्ह सुटलं की वर्गसमीकरणाला ती स्वतःच हात घालते.

डिसेंबरनंतर आठवड्यातून एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, बाकावर ताठ बसून, मध्ये न उठता सोडवू द्या. आणि पेपर हातात आल्यावर डोकं बंद पडतं, त्यासाठीची युक्ती याच सरावात बसवा: पेन खाली ठेवायचं, दोन्ही तळवे बाकावर टेकवायचे, चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, असं पाच वेळा. श्वास सोडणं लांबलं की छातीची धडधड उतरते. मग सर्वांत सोपा प्रश्न शोधून तोच आधी लिहायचा. पाच श्वासांना एक मिनिटही लागत नाही. पण हे परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्यांदा करून चालत नाही, घरी वीस वेळा केलेलं असेल तरच तिथे आठवतं.

सहावं काम: निकालाआधीच शब्द देणं

मुली माझ्याजवळ रडतात तेव्हा पुष्कळदा मार्कांसाठी रडत नाहीत. 'बाई, नापास झाले तर लग्न करून देतील.' काही घरांत हे गमतीत म्हटलं जातं: 'अभ्यास कर, नाहीतर पाहुणे बोलावतो.' बोलणारा विसरून जातो. मुलगी ते उशाशी घेऊन झोपते. एका परीक्षेवर पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं असेल तर कोणाचं डोकं शांत राहील?

म्हणून आत्ताच, परीक्षेच्या आधी, आई-वडिलांनी दोघांनी मिळून तिला सांगायचं: 'निकाल काहीही लागो, तुझं शिक्षण थांबणार नाही.' एवढं एक वाक्य. मी हे पालकांना हात जोडून सांगते, कारण त्यानंतर मुलीचा चेहरा बदललेला मी पाहिला आहे.

अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर मुलगी स्वतः किंवा तिची मैत्रीणसुद्धा फोन करू शकते. शिक्षिकांनी हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावा, काही न बोलता. ज्या मुलीला लागतो ती बघून ठेवते.

पैशांची काळजी असेल तर हे माहीत असू द्या: २०२४ पासून राज्यात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, मराठा आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. दाखले जून महिन्याच्या गर्दीत काढायला जाऊ नका, हिवाळ्यातच काढून ठेवा.

सातवं काम: रस्ता आणि मोबाइल

फाट्यावर मुलं उभी राहतात, गाडी आडवी घालतात, कोणी फोटो काढतं. मुलगी घरी सांगत नाही. का? कारण सांगितलं की शाळा बंद होते. हाच सगळा गुंता आहे. मोबाइलचंही तेच: कोणी फोटोवरून धमकावत असेल तर ती लपवते, कारण कळलं की फोन जाईल आणि वर मार बसेल. तेव्हा नियम आधीच सांगून ठेवा: 'तू सांगितलंस म्हणून तुझी शाळा बंद होणार नाही, तुझा फोन काढून घेतला जाणार नाही.' आणि वेळ आली की तो पाळा.

धमकीचे मेसेज पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवा, पैसे देऊ नका, नंबर ब्लॉक करण्याआधी पोलिसांना दाखवा. तातडीला ११२. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. ती कागदावरच असेल तर पालकसभेत तिच्या सदस्यांची नावं वाचून दाखवायला सांगा. रात्री फोन घरातल्या सगळ्यांचाच एका ठरलेल्या फळीवर चार्जिंगला जावा, वडिलांचासुद्धा. फक्त मुलीचा काढून घेतला तर ती शिक्षा होते.

हे दिसलं तर थांबू नका

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मुलगी गप्प, उदास, जेवण सोडलेलं, झोप उडालेली. मैत्रिणींना आवडत्या वस्तू देऊन टाकणं. उन्हाळ्यातही लांब बाह्यांनी मनगट झाकणं. 'मी नसते तर बरं' असं बोलणं. अशा वेळी सरळ विचारा: 'जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं याने तिचा बांध फुटतो. तिला एकटं ठेवू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. भगताकडे किंवा बाहेरचं बघणाऱ्याकडे नेण्यात दिवस घालवू नका.

आणि एक काम आजच करा, मुलगी हसतीखेळती असली तरी. कापसावर फवारायचं औषध आपल्या घरांत कुठे असतं? पलंगाखाली, माळ्यावर, गोठ्याच्या खिडकीत. ते शेतातल्या पेटीत किंवा कुलपात ठेवा आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. रागाचा, निराशेचा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि तेवढ्या वेळात औषध हाताशी नसलं तर जीव वाचतो. कोणी घेतलंच तर ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ घालवू नका. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना.

निकालाच्या दिवशी

निकाल दुपारी मोबाइलवर येतो. त्याआधी तिला जेवू घाला. निकाल बघताना घरातलं एक माणूस शेजारी बसू द्या आणि पहिली दहा मिनिटं नातेवाइकांचे फोन उचलू नका. मार्क कोणाला सांगायचे हे ती ठरवेल.

एखाद-दोन विषय राहिले तर वर्ष वाया जात नाही. निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा असते, तिचा फॉर्म शाळेतूनच भरतात. एक किंवा दोन विषय राहिलेल्यांना अकरावीला प्रवेशही मिळू शकतो. मार्क फारच अनपेक्षित वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पण मुदत थोडी असते, म्हणून त्याच दिवशी शाळेत विचारा. हे सगळं तिच्या आधी तुम्हाला माहीत असलं की तुमच्या चेहऱ्यावर घबराट दिसत नाही, आणि ती तुमचाच चेहरा बघत असते.

मग अकरावीचं कॉलेज ठरलं की वहीचं नवं पान घ्या. बस वेगळी असेल, वेळ वेगळी असेल, आणि रात्री दोन वाजता नळ आला तर पाण्याला कोण उठणार, हे नव्याने ठरवावं लागेल.